'शारिवारी' ते 'पंचोबा'

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच उपहासचित्रांचा विचार शिळाछापाचे तंत्र वगळून करता येत नाही. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध खडूने चित्र काढावयाचे, शिळा ओली करावयाची आणि तीवर शाई फिरवावयाची. पाणी व स्निग्धांश परस्परांना दूर सारीत असल्यामुळे शाई केवळ रेषांनाच धरते. चित्रकार आणि छाप यांच्यामध्ये कोरक्याचा हात येत नसल्याने दैनिकाच्या वेगाने चित्रे पुरविणे शक्य झाले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले, ते याच तंत्राने.

शार्ल फिलिपाँ याने १८३२ मध्ये पॅरिसला 'ल शारिवारी' हे पत्र काढले. एखाद्याच्या दारापुढे भांडी बडवून केलेला टवाळीचा गोंगाट, हा 'शारिवारी' या शब्दाचा मूळ अर्थ होय. आपल्या शिमग्याच्या बोंबेशी त्याचे नाते सहज ध्यानात यावे. लुई फिलिप राजाला प्रजेचा पैसा गिळणारा खादाड म्हणून रेखाटल्याबद्दल ओनोरे दोमिए यास १८३२ मध्ये सहा महिन्यांची कैद झाली. पुढे १८३५ च्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. तेव्हा दोमिए वकील, घरमालक, भाडेकरू, प्रवासी यांच्या नित्य व्यवहाराकडे वळला. यास केवळ माघार म्हणणे युक्त नव्हे. १८३६ पासूनच्या त्याच्या 'रोबेर माकेर' मालिकेतील भामटा कधी पेढीवाला, कधी वकील, कधी वैद्य होतो. एका राजाची सुटका झाली खरी. परंतु अवघा द्रव्यलोभी समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

१८४१ मध्ये निघालेल्या लंडनच्या 'पंच' ने 'लंडनचा शारिवारी' असे उपनाम धारण केले. १८५४ मध्ये मुंबईत 'पारसी पंच' निघाला आणि कालांतराने त्याचाच 'हिंदी पंच' झाला. तेथे ओळी गुजराती व इंग्रजी. परंतु विदूषकाचे नाव 'पंचोबा', म्हणजे खंडोबा, म्हसोबा या मराठी नामांच्याच घडणीचे. चित्राची कल्पना देशांतर करू शकते. नाव आणि चित्राखालची ओळ यांना मात्र स्थानिक बोलीत नवा जन्म घ्यावा लागतो. दोमिएच्या चित्रांखालील संवादही पुष्कळदा दुसऱ्यांनी, पॅरिसच्या बोलण्याचा कान ठेवून लिहिलेले असत. म्हणून अभ्यासकाने चित्राखालील मजकुरास पुरवणी समजू नये. उपहासाचे अर्धे मर्म तेथेच असते, आणि त्या काळच्या बोलभाषेचा पुरावाही.