मुद्रिकेचा वेग आणि गायकाचा कंठ

शब्द नित्य कीं अनित्य, हा वाद आपल्या शास्त्रकारांनीं शतकानुशतकें घातला. मीमांसकांनीं तो नित्य मानिला; नैयायिकांनीं तो आकाशाचा गुण ठरवून, तो उपजतो आणि क्षणांत विरतो, असें सांगितलें. गाण्यापुरतें बोलावयाचें तर १८७७ पर्यंत नैयायिकांचाच पक्ष खरा होता. गवयाचा षड्ज लागला, सभा डोलली, आणि तो षड्ज कायमचा गेला. त्या वर्षीं एडिसननें फोनोग्राफ सिद्ध केला. १८८७ मध्यें बर्लिनरनें सपाट तबकडीची युक्ति काढिली. आणि १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गनें कलकत्त्यास येऊन गौहरजान आदि कलावंतांचीं गाणीं उतरून घेतलीं. तेव्हांपासून आपल्याकडे शब्द नित्य नसला तरी टिकाऊ झाला. परंतु टिकलेला शब्द खराच राहिला काय, हा प्रश्न घरोघरचे श्रोते क्वचितच विचारतात. आमच्या घरीं तो अनपेक्षितपणें उभा राहिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें गांव रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. आमच्या माजघरांत आईच्या माहेराहून आलेली एक लांकडी संदूक आहे. तींत चाळीसएक जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्यांतल्या बहुतेक बालगंधर्वांच्या. त्यांच्या बरोबरचा फोनो केव्हांच मोडींत गेला. आई आतां अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या दिवाळीस चिरंजीवांनीं आजीसाठीं उत्तम प्रतीचें तबकडीयंत्र, ध्वनिवर्धक आणि कमरेएवढे दोन ध्वनिक्षेपक आणिले. किंमत मीं एकदां विचारली; पुन्हां विचारली नाहीं.

पहिली मुद्रिका ‘स्वयंवरां’तील पदाची लाविली. आवाजानें खोली भरून गेली. पद संपल्यावर आम्ही सगळे आईकडे पाहूं लागलों. ती म्हणाली, “छान आहे रे. पण हे नारायणराव नव्हेत. गाडी चुकेल म्हणून कोणीतरी घाईनं गातंय.”

चिरंजीवांचा चेहरा उतरला. माझ्याही मनांत आलें कीं, वयोमानानें आईचे कान गेले असावेत. तोंच ती पुढें म्हणाली, “आमचे अण्णा आधीं पेटीवर सूर धरून बघत आणि मग फोनोची कळ फिरवत. लावली तबकडी आणि सोडली सुई, असं नव्हतं आमच्याकडे.”

या एका वाक्यांत सगळें मर्म होतें. आपण या जुन्या तबकड्यांना सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ म्हणतों, म्हणजे मिनिटांत ७८ फेरे घेणाऱ्या. परंतु हा आंकडा पक्का रूढ झाला तो मायक्रोफोन लावून विजेनें मुद्रण होऊं लागल्यावर, म्हणजे १९२५ च्या पुढें. त्यापूर्वीं गायक कर्ण्यापुढें तोंड करून गात असे, आणि मुद्रणाची तबकडी खालीं उतरत जाणाऱ्या वजनाच्या जोरावर फिरे. तिचा वेग कधीं ७८, कधीं ७५, कधीं त्याहूनही कमी किंवा अधिक असे, आणि पुष्कळ मुद्रिकांवर तो छापीतही नसत. फोनोला वेग कमीजास्त करण्याची कळ होती ती याचसाठीं.

आतां ७५ च्या वेगानें घेतलेलें गाणें ७८ च्या वेगानें वाजविलें तर काय होतें? लय चढते, हें तर कोणासही कळेल. पण लयीबरोबर सूरही चढतो. गणित सोपें आहे: वेगांत शेंकडा सहाचा फरक पडला म्हणजे षड्जाचा कोमल रिषभ होतो. ७५ आणि ७८ यांत शेंकडा चारांचा फरक आहे. म्हणजे त्या अंतराचा सुमारें दोनतृतीयांश भाग गायक फुकट वर चढतो. याहून वाईट गोष्ट ही कीं, कंठाचा घाटही बदलतो. आवाज बारीक होतो, त्याचा भरदारपणा जातो, मींड आंखडते, आणि जेथें गायकानें विसांवा घेतला तेथें तो धापा टाकतो आहे असें वाटतें. यंत्र कितीही मोलाचें असो, तें ही चूक दुरुस्त करीत नाहीं. उलट अधिक स्वच्छपणें ऐकवितें.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फरकाचें काय मोठें? त्यास माझें उत्तर असें. ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलें १९१६ सालीं, आणि त्यांतील पदांच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा १९२२ मध्यें वारले. एवढा थोर गवई, पण त्याच्या स्वतःच्या गळ्याची एकही मुद्रिका आपल्यापाशीं नाहीं. अल्लादिया खांसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचाही आवाज मुद्रित झाला नाहीं. बुवांच्या विद्येचा जो अंश आज कानानें ऐकावयास मिळतो, तो त्यांच्या शिष्यांच्या, विशेषतः बालगंधर्वांच्या, तीनतीन मिनिटांच्या तबकड्यांतून. मूळ ग्रंथ नष्ट झाला आणि एकच प्रत उरली, तर ती प्रत आपण किती जपून वाचतों! तिचे ऱ्हस्व दीर्घ बदलून वाचणाऱ्यास पाठशाळेंत उभें करीत नाहींत. मग गाण्याच्या एकुलत्या प्रतीचेंच पठण आपण बेफिकीरपणें कां करावें?

म्हणून आम्हीं प्रयोग केला. चिरंजीवांच्या यंत्रास वेग कमीजास्त करण्याची सोय होती. अडचण होती ती वेग मोजण्याची. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, त्यामुळें जुन्या चोकची नळीबत्ती सेकंदास १०० वेळां, म्हणजे मिनिटास ६००० वेळां लुकलुकते. डोळ्यांस तें दिसत नाहीं. परंतु तबकडीवर कागदाची चकती ठेवून तिच्या कडेनें समान अंतरावर ८० काळ्या रेघा ओढल्या, तर बरोबर ७५ फेऱ्यांच्या वेगाला त्या रेघा स्थिर उभ्या राहिल्याशा दिसतात. कारण ६००० भागिले ८० म्हणजे ७५. कंपास व कोनमापक काढून साडेचार साडेचार अंशांवर रेघा ओढतांना मला माझा भूमितीचा वर्ग आठवला. ७७ रेघांची चकती ७८ च्या वेगासाठीं आणि ८२ रेघांची सुमारें ७३ साठीं, अशा आणखी दोन केल्या. नव्या एलईडी दिव्यांपैकीं पुष्कळ असे लुकलुकत नाहींत. त्यांच्या उजेडांत ही युक्ति साधेलच असें नाहीं.

वेग न सांगतां तेंच पद आईला तीन वेळां ऐकविलें. ७८ ला ती पूर्वींचेंच बोलली. ७३ ला म्हणाली, “आतां झोप आली त्यांना.” ७५ ला ती कांहींच बोलली नाहीं. तिचा हात मांडीवर ताल धरूं लागला, आणि दुसऱ्या ओळीपासून ती गुणगुणूं लागली. मग मीं घरची पेटी काढिली. मुद्रिकेंतील साथीच्या पेटीचा षड्ज ७८ ला दोन पट्ट्यांच्या मध्यें कोठेंतरी पडत होता; ७५ ला तो एका पट्टीवर नीट बसला. जुन्या पेट्यांचे सूर सर्वत्र एकच नसत, त्यामुळें हा पुरावा निर्विवाद नव्हे. पण पट्टी, लय आणि जाणता कान हे तिन्ही साक्षीदार एकच सांगूं लागले, तर निकाल देण्यास हरकत नसावी.

ज्यांच्या घरीं अशा मुद्रिका आहेत त्यांस आणखी दोनचार गोष्टी सुचवितों. पहिली सुईची. १९४८ पासून निघालेल्या लांब मुदतीच्या तबकड्यांची खांच अतिशय बारीक. तिची सुई या जुन्या रुंद खांचेच्या तळाशीं घासत जाते. जुन्या मुद्रिकांस टोंकाशीं सुमारें तिप्पट रुंद अशी वेगळी सुई लागते. दुसरी स्वच्छतेची. या तबकड्या लाखेच्या, म्हणजे आपल्या रानांतील पळसाबोरीवर किडा जी लाख करतो तिच्या. त्या लाखेंत दगडाची पूड मिसळलेली असते. दुर्योधनानें पांडवांसाठीं जतुगृह बांधविलें तें याच द्रव्याचें. म्हणून यांस ऊन लागूं देऊं नये, नाहीं तर वैशाखांत त्या वांकतात. आणि स्पिरिट तर मुळींच लावूं नये, कारण लाख त्यांत विरघळते. सौम्य साबणाचें पाणी, मऊ फडकें, आणि मधला कागद कोरडा, एवढें पुरें. तिसरी खर्चाची. कर्ण्यापुढें घेतलेल्या मुद्रिकांत सेकंदास दोनअडीच हजार कंपनांपलीकडचें फारसें कांहीं उतरलेलेंच नसे. वीस हजार कंपनांपर्यंत पोंचणारें महाग यंत्र त्यांतून खरखर मात्र अधिक काढील. चिरंजीवांच्या देणगीस मी नांवें ठेवीत नाहीं. नव्या मुद्रणांस तिचा उपयोग आहेच. पण जुन्यांसाठीं पैशांपेक्षां चौकशी अधिक लागते.

या चौकशीचें महत्त्व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनीं नीट ओळखिलें होतें. १९७७ मध्यें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सुटलीं, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनिमुद्रिका आहे. तींत जगांतील निवडक संगीत आहे, आणि त्यांत अल्लादिया खांसाहेबांच्या शिष्या, गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. त्या मुद्रिकेच्या वेष्टनावर सुई कोठें ठेवावी आणि एका फेऱ्यास किती वेळ लागावा, तो ३·६ सेकंदांचा काळ, आकृतीनें कोरून ठेविला आहे. सुईही बरोबर दिली आहे. ज्यांचा ठावठिकाणा नाहीं अशा परग्रहस्थ श्रोत्यांनीं केसरबाईंचा सूर चुकीचा ऐकूं नये, एवढी ही काळजी! आपल्या माजघरांतल्या मुद्रिकांवर मात्र आपण तेवढेंही लिहून ठेविलें नाहीं.

आम्हीं तें काम आतां हातीं घेतलें आहे. रोज सायंकाळीं दिवेलागण झाली कीं पंखा बंद करून एक मुद्रिका लावितों. आईनें मान डोलविली कीं मी पाकिटावर शिसपेन्सिलीनें वेगाचा आंकडा लिहितों, आणि चिरंजीव सुटीस येतात तेव्हां त्याच वेगानें संगणकावर तिची नक्कल उतरून घेतात. चाळीसपैकीं सतरा झाल्या. पुढच्या पिढीस यंत्रें आमच्याहून चांगलीं मिळतील, यांत शंका नाहीं. परंतु तो सूर मुळांत कसा ऐकूं येत असे, हें सांगणारे कान थोडेच उरले आहेत. ज्यांच्या घरीं अजून आहेत त्यांनीं ही संधि दवडूं नये.