आधी प्लग काढा, मग पाणी टाका!

युरोप-अमेरिकेत काही घरांच्या अंगणात जमिनीखाली पाइप पुरलेले असतात. जमिनीच्या पोटातलं स्थिर तापमान वापरून घर हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार ठेवतात. आपल्या खानदेशात जमिनीचा तोच गुण जुन्या धाब्याच्या घरांनी वापरला. डोक्यावर मातीचा जाड थर, त्यामुळे दुपारचं ऊन आत पोहोचायलाच वेळ लागायचा. आता स्लॅब आला आणि त्याच्याबरोबर खिडकीत पत्र्याचा कूलर आला.

जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला की हा डबा खरंच कामाला येतो. कारण आपली एप्रिल-मेमधली हवा कोरडी असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना अर्ध्या युनिटापेक्षा जास्त विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. फक्त खोलीची दुसरी खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. सगळं बंद करून बसलात तर ओल कोंडते आणि अंग चिकचिक होतं.

तर आता माळ्यावरून कूलर उतरवला असेल. गवताच्या ताट्या मागच्या वर्षीच्या असतील तर सरळ फेका, त्या फार महाग नसतात. जाळीदार हनीकोंब पॅड असेल तर साध्या पाण्याने धुवा, तारेचा ब्रश नको. बोअरचं पाणी वापरत असाल तर पॅडवर आणि पंपावर पांढरे क्षार साचतात. पंप लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, बराचसा थर सुटतो. पंप कोरडा चालवू नका, जळतो.

हे सगळं आपण करतो. शॉकचं मात्र कोणी बघत नाही. दर उन्हाळ्यात ‘कूलरचा शॉक लागून मृत्यू’ ही बातमी येतेच. गोष्ट साधी असते: कूलर चालू, फरशी ओली, पाय अनवाणी आणि हातात बादली. पंपाच्या किंवा मोटरच्या वायरचं आवरण फाटलं की करंट पत्र्यात उतरतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो, नाहीतर तुमच्यातून जातो.

विद्यापीठाजवळ किंवा कॉलेजच्या आसपास रूम करून राहणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे मागे अर्थिंगची वायर आहेच असं नाही. वायरमनकडून तपासून घ्या. पिन बसत नाही म्हणून तिसरी पिन तोडणं तर शुद्ध वेडेपणा! आणि बोर्डात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती वायरिंग वाचवते, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. घरमालकाला एकदा विचारून तर बघा. चौघांत वाटून घेतली तर तेवढी जड जात नाही.

पाणी भरून, पंप चालू असताना, पायात कोरडी चप्पल घालून रंग नसलेल्या स्क्रूला टेस्टर लावा. दिवा लागला तर बटण बंद, प्लग बाहेर, वायरमनला फोन. दिवा नाही लागला तरी रोजचा नियम एकच: पाणी टाकायचं ते प्लग काढूनच. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’. पण टाकी नुसती ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात, ती घासूनच काढावी लागतात.

जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर तसाही गार करत नाही. तेव्हा टाकी घासून उन्हात वाळवा, पंप काढून कोरड्या जागी ठेवा आणि मगच कूलर माळ्यावर चढवा. ती अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुढच्या मार्चमध्ये पहिल्या बादलीबरोबर जागी होतात.