आधी मागे बघा!

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांच्या स्कूटरचं मुळातच काळं असलेलं पॅनेल लाल रंगवलं. पंधरा दिवसांत रंग सापाच्या कातेसारखा सोलून आला. बाबा एवढंच म्हणाले, "इंजिनिअर होणार ना तू?"

चूक काय झाली? पॅनेल उलटं करून मी पाहिलंच नव्हतं. आतल्या बाजूला प्लॅस्टिकचं नाव बारीक अक्षरांत असतं. 'एबीएस' असेल तर प्राइमर चांगला धरतो, फक्त थिनर चोळू नका, ते मऊ पडतं. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याची सरफेस एनर्जी इतकी कमी, की प्राइमर नुसता वर बसतो, चिकटत नाही. तिथे आधी अ‍ॅडहीजन प्रमोटरचा पातळ हात लागतोच.

दुसरा घोळ क्रमाचा. मी आधी घासलं, मग धुतलं. साफ उलटं! पॉलिशमधलं सिलिकॉन घासताना ओरखड्यांत शिरतं आणि रंगात खड्डे पडतात. म्हणून आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यानंतर 600 नंबरचा वॉटर पेपर. चकाकी गेली की थांबा, पुन्हा पुसा. (कंपनीचा रंग घट्ट असेल तर तो खरवडू नका, नुसता घासा.)

सध्या आमचं पॅनेल गॅलरीत वाळतंय. मागे लिहिलंय : पीपी.