पीएच.डी. झाली, आता पुढे?

भिंगारमधल्या एखाद्या घरात मुलगी अभियांत्रिकीत पीएच.डी. झाली, की पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, "मग आता नोकरी कधी?" तिने ‘पोस्टडॉक करणार’ म्हटले, की घरच्यांना वाटते, शिक्षण अजून संपलेच नाही!

पोस्टडॉक ही पदवी नाही आणि कायमची नोकरीही नाही. दोन-तीन वर्षे मानधन घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत केलेले ते संशोधन असते. पीएच.डी.त मार्गदर्शकाचे बोट धरलेले असते. इथे ते सोडून स्वतःचा प्रश्न निवडायला शिकायचे असते.

डॉ. रघुनाथ माशेलकरांचे उदाहरण पाहा. १९६९ मध्ये मुंबईच्या यूडीसीटीतून त्यांनी पीएच.डी. केली, ती वायू आणि द्रव यांच्यातील वस्तुमान-संक्रमणावर. पुढे लेव्हरह्यूम शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठात गेले आणि पॉलिमरयुक्त द्रवांच्या प्रवाहाकडे वळले. तेथेच काही वर्षे अध्यापन करून १९७६ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, ते हा नवा विषय घेऊनच.

संधी दूरच असतात असे नाही. नगरमध्येच डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन-संशोधन संस्था आहे. ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी देशी वाँकेल इंजिन घडवण्यात तिचा वाटा होता. डीआरडीओच्या प्रयोगशाळा वेळोवेळी जाहिरात देऊन रिसर्च असोसिएट नेमतात. केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून या पदाचे मानधन दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये केले. घरभाडे भत्ता वेगळा. विशेष म्हणजे एम.टेक.नंतर तीन वर्षांचा संशोधनानुभव आणि मान्यताप्राप्त नियतकालिकात किमान एक शोधनिबंध असेल, तर पीएच.डी. नसतानाही या पदासाठी विचार होऊ शकतो.

स्वतःचा प्रकल्प मांडायचा असेल, तर ‘राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप’ आहे. पूर्वी ती एसईआरबी देत असे; आता ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. परदेशात जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. मात्र आपल्याला सामावून घेणारा तिथला संशोधक आधी शोधावा लागतो.

आता दुसरी बाजू. मुदत संपली की पद संपते. कायम होण्याचा हक्क मिळत नाही. एकामागून एक अशी पदे घेत चाळिशी गाठलेलेही असतात. म्हणून पद स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: इथे नवे काय शिकता येईल? शोधनिबंधावर माझे नाव कुठे असेल? आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत?

आणि वेळ दवडू नये. देशातील अनेक पदांना ३५ वर्षांची वयोमर्यादा असते (राखीव प्रवर्गांना सवलत असते). हुम्बोल्टच्या पोस्टडॉक गटात पीएच.डी.नंतरची चारच वर्षे धरतात. त्यामुळे प्रबंध सादर करण्याआधीच पत्रव्यवहार सुरू करावा. घरच्यांनीही "नोकरी कधी?" ऐवजी "तिथे काय शिकणार?" असे विचारले, तर मुलीला उत्तर देताना आनंदच होईल.