घरबागेतील सह्याद्रीची रानफुले : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला असून नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या पट्ट्यात पाऊस विपुल पडतो. पूर्वेस नारायणगाव-मंचरकडे येताना मात्र पर्जन्यमान झपाट्याने घटते व जमीनही काळी, चिकण होत जाते. डोंगरावरील रानफुले घरबागेत का जगत नाहीत, याचे उत्तर बव्हंशी या भेदात आहे.

येथील अनेक रानफुले कंदवर्गीय आहेत. रानहळद, कळलावी, खर्चुडी यांचा पावसाळी हंगाम संपला की जमिनीवरील भाग वाळतो आणि कंद पुढील पावसापर्यंत सुप्तावस्थेत राहतो. गुलाब-शेवंतीप्रमाणे उन्हाळ्यातही नित्यनेमाने पाणी घातल्यास तो कुजतो. झाड मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते, तीही याच काळात! तेव्हा पाने वाळताच पाणी तोडून कुंडी सावलीत ठेवावी व तीवर नावाची पाटी लावावी. माती मुरमाड, वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळलेली, निचरा होणारी असावी.

कळलावीचा कंद नांगराच्या आकाराचा असतो. संस्कृतातील ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच आले. अंकुर केवळ कंदाच्या टोकाशी असल्याने टोक मोडलेला कंद लावणे व्यर्थ होय. तिच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विष असते. लहान मुले वा गुरे असलेल्या घरी ती लावू नये.

खर्चुडीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘सेरोपेजिया रोली’ या जातीचे वर्णन के. हेमाद्री यांनी जुन्नर परिसरातील नमुन्यांवरून केले. या प्रजातीच्या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेली चिमुकली माशी ते केस सुकेपर्यंत अडकते व नंतर परागपुंज घेऊन बाहेर पडते. खर्चुडीचे कंद खाण्यासाठी खणले जातातच. त्यात हौशी बागकामाची भर पडल्यास हानी वाढेल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भीमाशंकर अभयारण्यातून विनापरवाना वनस्पती काढता येत नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव यांनी या प्रजातीच्या संवर्धनाचे काम केले आहे. लागवडीतून वाढविलेली रोपे मिळत असतील तरच महाविद्यालयीन उद्यानांनी खर्चुडी लावावी. तिच्या शेंगा तडकताच केसाळ बिया वाऱ्यावर उडतात, म्हणून शेंग पिकण्यापूर्वी तीभोवती पातळ फडके बांधावे लागते.

कारवी सात वर्षांनी फुलते व तिची झुडपे दाट वाढतात. कुंडीसाठी ती निरुपयोगी आहे. आरंभ करावयाचा तो तेरड्याने. अनेक घरांत भाद्रपदात गौरी म्हणून तेरड्याचीच रोपे आणतात. रोपवाटिकेतील दुहेरी पाकळ्यांचा तेरडा मात्र मुद्दाम निवडून वाढविलेला असतो; रानातील साधे फूल हवे असल्यास आपल्याच बांधावरील झाडांचे बी धरावे. पक्व बोंड स्पर्श होताच फुटून बी दूर उडते, त्यामुळे ते फुगून फिकट होऊ लागताच मुठीत धरून तोडावे व सुकवून जूनमध्ये अर्धसावलीत पेरावे.