कर्ज फिटेना, मग वाट कोणती?

दिवाळी अंकात दिवाळ्याचा विषय काढला म्हणून वाचकभगिनींनी नाक मुरडू नये. पेढी बुडालेला व्यापारी पूर्वी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, असे जुने लोक सांगतात. त्याची अवस्था निदान चारचौघांना कळे. आपण पांढरपेशे मात्र ती घरच्या माणसांनाही कळू देत नाही, आणि खरा घोटाळा तिथेच होतो.

समजा, गिरगावातले एक नोकरदार गृहस्थ आहेत. मुलीचे लग्न झाले, पाठोपाठ पत्नीचे आजारपण आले. क्रेडिट कार्डाची बाकी भागवायला बँकेचे कर्ज काढले, त्या कर्जाचा हप्ता भरायला मोबाइलवरचे झटपट कर्ज. पगार साठ हजार, हप्ते सत्तर हजारांचे! दुपारचा चहा सोडून हे गणित सुटायचे नाही.

अशा माणसासाठी कायद्याने एक दार ठेवले आहे, ते नादारीचे. मुंबईकरांना १९०९ चा कायदा लागू आहे आणि अर्ज उच्च न्यायालयात करायचा. पुण्या-नागपूरकडे १९२० चा कायदा, तिथे जिल्हा न्यायालय. २०१६ साली नवी संहिता आली खरी. पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच. तुमच्याआमच्यासाठी जुनेच कायदे. देणे पाचशे रुपयांचे असले तरी अर्ज चालतो, यावरून त्यांचे वय कळावे!

कोर्टाने नादार ठरवले की मुंबईत सगळी मालमत्ता ऑफिशिअल असायनी या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. ती विकून तो घेणेकऱ्यांना त्यांच्या देण्याच्या प्रमाणात वाटतो. कोर्टाच्या परवानगीवाचून मग कुणाला वेगळा दावा लावता येत नाही. घर गहाण असेल तर बँकेचा त्यावरचा हक्क मात्र कायम राहतो.

घरात उरते काय? मुंबईच्या कायद्याने धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण, भांडी मिळून तीनशे रुपयांपर्यंत. इतरत्र दिवाणी कायद्याची सवलत लागू होते, आणि त्यात भांड्याकुंड्यांबरोबर धर्मरूढीने स्त्रीने अंगावरून उतरवू नये असा दागिनाही आहे. म्हणजे मंगळसूत्राला हात लागत नाही. प्रॉव्हिडंट फंडही सुरक्षित.

आता आपल्या गृहस्थांच्या मनात दोन शहाणपणाच्या युक्त्या येतील. फ्लॅट पत्नीच्या नावे करून टाकावा, आणि मेहुण्याचे पैसे तेवढे आधी गुपचूप द्यावेत. दोन्ही अंगाशी येतात. दोन वर्षांच्या आतले असे बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकते. अर्जाआधी तीन महिन्यांत एकालाच झुकते माप देण्यासाठी पैसे दिले असतील, तर तेही टिकत नाही.

कोर्टाकडून मुक्तता मिळेपर्यंतचा काळ अवघड असतो. मुंबईत आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये उसने घेतले तरी गुन्हा होतो. आमदार होता येत नाही (हे दुःख फार थोड्यांना व्हावे). पगारातला काही भाग घेणेकऱ्यांकडे जाऊ शकतो. मुक्तता मिळाल्यावरही सरकारी देणे आणि लबाडीने केलेले कर्ज सुटत नाही. तुरुंगाची धास्ती मात्र उगाच बाळगू नये. प्रामाणिकपणे हात रिकामे असलेल्याला केवळ कर्ज फिटले नाही म्हणून कोंडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितले आहे.

माझ्या मते तडजोडीचा मार्ग आधी पाहावा. नादार ठरल्यानंतरही मुंबईत तो खुला असतो. घेणेकऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आणि देण्याच्या तीन चतुर्थांश रकमेचे धनी राजी झाले आणि कोर्टाने मान्यता दिली, की उरलेल्यांनाही ती बांधते.

कोणतीही वाट धरली तरी पहिले काम एकच. एका संध्याकाळी पत्नीला शेजारी बसवून कुणाचे किती देणे आहे त्याची यादी करायची. तिच्यात मेहुण्याचे नावही लिहावे लागते.