तीन मिलिमीटरचा चौकोन

वहीच्या पानावर पेन्सिलीनं तीन मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन काढा. साबुदाण्याचा एखादा दाणा त्यात कसाबसा बसेल. देशातल्या लाखो पाणथळींना कायद्याचं छत्र मिळणार की नाही, हे या चौकोनानं ठरवलं आहे.

इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं उपग्रहचित्रांवरून पाणथळींचा राष्ट्रीय अ‍ॅटलास तयार केला, तो २०११ साली आला. त्याचं प्रमाण होतं १:५०,०००. एवढ्या प्रमाणावर तीन मिलिमीटरहून लहान आकृती नीट रेखाटता येत नाही, म्हणून तीच किमान मर्यादा धरली. कागदावरचे ते तीन मिलिमीटर जमिनीवर १५० मीटर होतात आणि चौकोन होतो २.२५ हेक्टर, म्हणजे साडेपाच एकर. शिवाजी पार्कच्या मैदानाचा साधारण पाचवा हिस्सा. पाणथळ याहून मोठी असेल तर नकाशावर तिला हद्द, लहान असेल तर नुसता ठिपका. एकूण पाणथळी भरल्या ७,५७,०६०. त्यांतल्या २,०१,५०३ जणींना हद्द मिळाली. उरलेले ठिपके ५,५५,५५७. (पाचांची ही माळ मी जुळवलेली नाही, वजाबाकी करून पाहा.)

पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं संरक्षणाचा आदेश दिला तो या २,०१,५०३ पाणथळींना. नव्या गणनेनंतर २०२४च्या डिसेंबरात आकडा २,३१,१९५ वर गेला, पण उंबरठा तोच, सव्वादोन हेक्टरांचा. नकाशा काढणाऱ्याची सोय ही कायद्याची रेघ झाली. गावकुसाबाहेरचं दोन एकरांचं तळं, ज्यात पावसाळ्यात बेडूक आणि हिवाळ्यात बदकं येतात, ते या हिशेबात येतच नाही. ते बुजवायला निघालेल्या माणसाला हे बेडकांहून आधी कळतं.

किनाऱ्याची गंमत याहून मोठी. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर, हे आपण शाळेत घोकलं. आता तो ११,०९८.८१ किलोमीटर आहे. समुद्र पुढे आला नाही, जमीन वाढली नाही, तरी साडेतीन हजार किलोमीटर किनारा नवा सापडला. १९७०च्या दशकातली मोजणी १:४५,००,००० च्या नकाशावरची होती. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. कोकणातल्या बहुतेक खाड्यांची मुखं त्या रेषेच्या जाडीतच विरघळतात. नवी मोजणी १:२,५०,००० वर झाली आणि रेषेला खाड्यांत शिरता आलं. केंद्राच्या यादीत महाराष्ट्र ६५२.६ वरून ८७७.९७ किलोमीटरवर गेला (आपण ७२० पाठ केले होते, ते वेगळंच). गोवा १०१ वरून १९३.९५, जवळजवळ दुप्पट. पश्चिम बंगाल तर १५७.५ वरून ७२१.०२. एकटं पुदुच्चेरी पाच किलोमीटरनं आखडलं. उद्या कुणी पावलापावलानं मोजायला बसलं तर हे आकडे आणखी फुगतील. वाकड्या रेषेची लांबी पट्टीवर अवलंबून असते, आणि कोकणचा किनारा काही सरळ नाही.

मोजायला जी रेषा इतकी निसरडी, तिच्यापासूनच सीआरझेडचे सगळे मीटर सुरू होतात. भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा नियमन क्षेत्र, तेच सीआरझेड. खाडीच्या काठी पूर्वी १०० मीटर होते, २०१९च्या अधिसूचनेनं ते ५० केले, किंवा खाडीची रुंदी त्याहून कमी असेल तर तेवढे. कांदळवन हजार चौरस मीटरांहून मोठं असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टा. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे असतात १:२५,००० वर. त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या टोकाच्या पेननं ओढलेली रेषाच जमिनीवर साडेबारा मीटर रुंद होते. एक किलोमीटर किनाऱ्याला सव्वा हेक्टर, म्हणजे सुमारे १,३४,५०० चौरस फूट, नुसत्या शाईखाली. मुंबईत चौरस फुटाचा भाव काय आहे, हे वाचकाला सांगायला नको. म्हणून तर गावठाणांचे नकाशे १:४,००० वर हवेत, अशी मागणी किनाऱ्यावरची माणसं करत असतात.

त्याच अधिसूचनेत आणखी एक आकडा आहे, २,१६१. ग्रामीण भागात २०११च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त माणसं असतील तर ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून ५० मीटर, नसतील तर २०० मीटर. आराखडा मंजूर झाला की हे लागू. म्हणजे एका चौरस किलोमीटरच्या गावात एक पाळणा जास्त हलला, तर किनाऱ्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे १५ हेक्टर जमीन मोकळी होते. २,१६० नाही, २,१६२ नाही, बरोबर २,१६१.

आता कांदळवनांकडे या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एका चौरस किलोमीटरवर हे पाणी ९४ कोटी ४० लाख लिटर होतं; दहा हजार लिटरचे ९४,४०० टँकर. कांदळवनं बुजवत गेलो तर एवढं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न उरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनांची तोड थांबवणारा अंतरिम आदेश दिला, सप्टेंबर २०१८ मध्ये तो कायम झाला. तेव्हापासून सार्वजनिक कामासाठीसुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. ती मिळत नाही असं नाही. बुलेट ट्रेनसाठी आधी ५३,४६७ झाडं सांगितली होती, आखणी बदलून ती २१,९९७ वर आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ही घट मला दिलासा वाटते. त्याबरोबर प्रश्नही पडतो, की आधीची एकतीस हजार कशासाठी लागणार होती? वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्यासाठी २०२५च्या डिसेंबरात ४५,६७५ झाडांना परवानगी मिळाली. भरपाई तिप्पट, १,३७,०२५ रोपं.

तिप्पट हा शब्द ऐकायला भरघोस आहे. २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत तिप्पट आहे ते क्षेत्र. हिशेब मांडला जातो तो झाडांचा. दीड-दीड मीटरवर रोपं लावली तर तीन रोपांना पावणेसात चौरस मीटर पुरतात. चार मीटर पसाऱ्याच्या एका मोठ्या तिवराची सावली साडेबारा चौरस मीटर पडते. तिप्पट भरपाई एका झाडाच्या सावलीत मावते आणि वर जागा उरते. तीच १,३७,०२५ रोपं ३१ हेक्टरांत बसतात.

झाडाचा आकडा चिखलाच्या वरचा असतो. दोन-तीन मीटर उंचीच्या एका तिवराला चिखलातून वर डोकावणारी श्वासमुळं दहा हजारांहून जास्त असू शकतात. तोडायच्या त्या ४५,६७५ झाडांपैकी पाव हिस्साच अशी तिवरं धरली, तरी अकरा कोटींहून अधिक मुळं होतात. भरतीचं पाणी त्यांच्यात अडतं, गाळ बसतो, निवट्या आणि चिंबोऱ्या तिथंच वाढतात. नर्सरीतल्या पिशवीतून आलेल्या रोपाला यातलं एकही मूळ नसतं. पंचनाम्यात मात्र ते रोप एक आणि ते झाडही एकच.

शिवाय वनजमीन वळती झाली की वनकायद्यानुसार दुसरीकडे जमीन द्यावी लागते. वर्सोवा-भाईंदर रस्त्यासाठी तशी १०३ हेक्टर मिळाली ती चंद्रपूर जिल्ह्यात. नियमाला धरून आहे सगळं. फक्त तिथं भरती येत नाही.

उच्च न्यायालयानं मुंबई महापालिकेला या भरपाईच्या लागवडीचा अहवाल दहा वर्षं, दरवर्षी द्यायला सांगितलं आहे. ते अहवाल आले की ‘लावलेली रोपं’ हा रकाना सोडून द्या आणि ‘जगलेली रोपं’ कुठे लिहिली आहेत ते शोधा. नसतील लिहिली, तर विचारा.